फियाटच्या पायाखाली

जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं की लोक बॉनेटभोवती गर्दी करतात. कुणी दिव्यांवरून हात फिरवतं, कुणी भोंगा वाजवून बघतं, मुलं स्टिअरिंगला लोंबकळतात. दार उघडून खाली, जिथं पाय ठेवायचे तिथं काय अंथरलंय, हे मात्र सहसा कुणी पाहत नाही. मलाही सत्तरी उलटेपर्यंत तशी वेळ आली नव्हती.

वेळ आली ती अण्णांच्या फियाटमुळे. नात्यातल्या मंडळींना ती गाडी ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माझे थोरले बंधू कऱ्हाडला डॉक्टर होते. १९६५ सालची फियाट ११०० डिलाइट त्यांनी १९६९ मध्ये एका वकिलांकडून घेतली आणि पुढं तीसेक वर्षं आसपासच्या खेड्यांत व्हिजिटला जायला वापरली. अण्णा गेल्यावर ती मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. थोरल्या भाच्यानं आता ती पुण्याला आणून दुरुस्तीला काढली आहे. इंजिन झालं, पत्राकाम झालं, रंग झाला. आणि सगळं अडलं कशावर, तर खाली कार्पेट कुठलं घालायचं यावर!

थोरल्याला मरून रंगाचं, पाय रुतेल असं दाट कार्पेट हवंय. नाना पेठेतल्या एका दुकानातून त्यानं नमुनेही आणले. धाकटा इंग्लंडात असतो. तो म्हणतो, खऱ्या लोकरीचं इंग्लिश कार्पेट पाठवतो, जॅग्वारला घालतात तसलं. दोघांचं जमेना, तेव्हा फोन मला. "आत्या, तू इतिहासाची. तूच सांग." आता इतिहासाच्या बाईंना प्रश्न विचारला की उत्तर एका वाक्यात येत नाही, हे दोघांनाही लहानपणापासून माहीत आहे. तर जे त्यांना तुकड्यातुकड्यांनी फोनवर सांगितलं, ते इथं सलग लिहिते.

मोटार आली ती घोडागाडीच्या पोटातून. पहिल्या मोटारींचे सांगाडे बांधणारे कारागीर बग्ग्या बांधणारेच होते, आणि बग्गीची रीत त्यांनी मोटारीत जशीच्या तशी आणली. बग्गीत कोचमन पुढं उघड्यावर, ऊनपाऊस खात बसायचा. त्याची बैठक चामड्याची, कारण चामडं पुसता येतं. मालक मागं, बंद पेटीत. तिथं मऊ कापड आणि पायाखाली गालिचा. मोठ्या घरांतल्या सुरुवातीच्या मोटारी पाहा, अगदी हेच दिसेल. ड्रायव्हरची जागा चामड्याची, कित्येकदा वर छप्परसुद्धा नाही, आणि मागं शेटजींसाठी दिवाणखाना. आज आपण "लेदर सीट" म्हणजे श्रीमंती समजतो. त्या काळी चामडं हे नोकराच्या जागेचं लक्षण होतं. गंमत आहे की नाही?

पायाखालीही तोच भेद. पुढं चिखल येणार, पेडलशी टाचा घासणार, म्हणून रबर. मागं गालिचा. १९३०-४० च्या दशकांतल्या साध्या अमेरिकन सेडान गाड्यांतही पुढं रबरी मॅट आणि मागं कार्पेट अशीच विभागणी असे. तिथं तर मालक स्वतःच गाडी चालवत होता! म्हणजे कोचमन गेला, पण त्याच्या पायाखालचं अंथरूण राहिलं.

गालिच्यांतसुद्धा जाती आहेत. भाच्यांचा वाद त्यावरच असल्यामुळे थोडं समजून घेऊ. आपली सतरंजी म्हणजे सपाट विणकाम, तिला केस नाहीत. गालिच्याला केस असतात. ते केस दोन तऱ्हेचे. आपला टर्किश टॉवेल डोळ्यांसमोर आणा, त्यावर बारीक बारीक फासे असतात. तसेच फासे ठेवून विणलेला तो ब्रसेल्स गालिचा. आता तेच फासे वरून कापून टाकले तर काय होईल? मखमल. तसा कापलेला तो विल्टन. विल्टन हे इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातलं छोटं गाव. अठराव्या शतकात तिथं या गालिच्यांचा धंदा वाढला आणि गावाचं नाव मालाला चिकटलं, आपल्याकडं पैठणी म्हणतात तसं. रोल्स-रॉइसच्या मागच्या बाजूला पुढं विल्टनच आला, आणि त्यावर आणखी मेंढीच्या लोकरीचा जाड गालिचा. आपल्या संस्थानिकांनी हौसेनं मागवलेल्या गाड्यांतून तो हिंदुस्थानात आला.

पण "आला" म्हणताना जरा थांबावं लागतं. कारण असा गालिचा उलटा करून पाहिला तर पाठीत सुताबरोबर ताग दिसतो. आणि ताग कुठला? बंगालचा. बंगालचा ताग बोटीनं स्कॉटलंडात डंडीला जायचा. तिथं १८३० च्या दशकात व्हेल माशाचं तेल लावून हा राठ धागा यंत्रावर कातायची युक्ती सापडली आणि ते गाव तागाची पेठ झालं. १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा इथं आपल्याकडची पहिली ताग गिरणी निघाली. पुढं या गिरण्यांनी डंडीलाच मागं टाकलं. १९४७ च्या फाळणीत गिरण्या सगळ्या इकडं आणि चांगल्या तागाची बरीचशी शेतं पूर्व पाकिस्तानात, असा विचित्र तुकडा पडला. हे मी नववी-दहावीच्या वर्गात दरवर्षी शिकवत असे. मुलांना वाटायचं, ताग म्हणजे गोणपाट, संपलं! पण अमेरिकेत घराघरांतून कार्पेट अंथरली जाऊ लागली तेव्हा त्यांच्या पाठीला लागणारं तागाचं कापड हा कितीतरी वर्षं आपल्या गिरण्यांचा मोठा आधार होता. मग तिथंही प्लॅस्टिकचं कापड आलं.

तागाचीच चुलत बहीण म्हणजे काथ्या. जुन्या उघड्या मोटारींत काथ्याच्या चटया टाकत, कारण पाऊस आत आला तरी त्या वाळतात आणि माती फटींतून खाली पडते. केरळात अलेप्पीला जेम्स डॅरा नावाच्या माणसानं १८५९ मध्ये काथ्याच्या चटयांचा पहिला कारखाना काढला, आणि तिथला माल युरोप-अमेरिकेत जाऊ लागला. पुढं मर्सिडीज आणि पोर्शसारख्या गाड्यांतही शौकीन मंडळी काथ्याच्या चटया टाकत. आपण ज्याचं दारात पायपुसणं करतो, ते तिकडं शौकाची वस्तू! आजही तिकडं जुनी गाडी नीट करणारे हौशी लोक अशा चटया मुद्दाम बनवून घेतात.

मोठा बदल झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात डाल्टन म्हणून गाव आहे. तिथं कॅथरीन इव्हान्स नावाच्या मुलीनं १८९५ च्या सुमारास घरातली जुनी चादर पाहून, कापडात जाड दोरे ओवून आणि ते कापून, फुलं उठवलेली चादर केली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती आवडली, घरोघरी तो उद्योग सुरू झाला. मग यंत्रं आली, एका सुईच्या जागी शेकडो सुया आल्या आणि चादरींचं गाव कार्पेटचं गाव झालं. आता विणायची गरजच उरली नाही. तयार कापडात धागा टोचायचा आणि मागून चिकटवायचा, झालं. त्यात नायलॉन आलं. कार्पेट स्वस्त झालं आणि मोटारीत मागून पुढं आलं. जुन्या अमेरिकन गाड्या दुरुस्त करणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा, की १९५५ ते १९७३ च्या गाडीत फाशांचं म्हणजे टॉवेलसारखं कार्पेट, त्यात रेयॉन आणि नायलॉन ८०-२० च्या प्रमाणात. १९७४ नंतरच्या गाडीत कापलेलं, मखमलीसारखं. म्हणजे कार्पेटवरून गाडीचं वय सांगता येतं, जसं खापरांवरून वस्तीचं सांगतात. १९६० च्या गाडीत कुणी मखमली कार्पेट घातलं तर जाणकार लगेच ओळखतो. शिवाजी महाराजांच्या नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसावं, तसंच ते.

आता आपल्या फियाटकडं येते. तिला वरचं काहीच लागू नाही.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची कंपनी, १९४४ ची. विमानांचा कारखाना, जहाजांचा कारखाना, आणि मग मोटारी. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या, त्या अमेरिकन क्रायस्लरच्या जातीच्या. फियाटशी करार १९५१ चा. १९५४ मध्ये ११०० आली, तिच गुबगुबीत "डुक्कर फियाट". वालचंद त्याच्या आदल्याच वर्षी, १९५३ मध्ये, गेले होते. १९६४ च्या सुमारास चौकोनी चेहऱ्याची डिलाइट आली, तिचंच पुढं प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये पद्मिनी असं नामकरण झालं. आमची गाडी त्या डिलाइटांपैकी.

तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. गाडी हवी तर नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. परदेशी गाडी आणणं जवळजवळ अशक्य. जी मिळेल ती गाडी लोक पेढे वाटून घरी आणत. गिऱ्हाईकच दारात रांग लावून उभं असेल, तर त्याच्या पायाखाली गालिचा कोण अंथरेल? आमच्या गाडीत होती काळी, रेघांची रबरी मॅट आणि तिच्या पोटाला करडा नमदा. माझ्या मते ती मॅट हा परमिट-कोट्याच्या काळाचा एक कागदच आहे. अर्थशास्त्राचं पुस्तक न उघडता तो काळ समजतो.

पण रबर फक्त गरिबीचं लक्षण होतं असंही नाही, आणि इथं मला थोरल्या भाच्याशी भांडावं लागलं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना विचारा. पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेल्या, पण त्याआधी कुठल्याही नाक्यावर सकाळी बघावं तर रबरी मॅट बाहेर काढून, बादलीभर पाण्यानं धुऊन, टपावर वाळत घातलेली असायची. कार्पेट असं धुता येत नाही. आपल्या पावसाळ्यात ते पाणी धरून ठेवतं, खालचा नमदा त्याहून जास्त धरतो, आणि वरून सगळं कोरडं दिसत असताना खाली पत्रा सडत जातो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत आमच्या एका परिचितांनी गाडी धुऊन पुसून लख्ख केली, पण खालचं कार्पेट उचललं नाही. दोन वर्षांत ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसू लागला! आमच्या फियाटचा तळ साठ वर्षांनंतर फक्त दोन ठिकाणी गंजला होता. मेकॅनिकसुद्धा म्हणाला, "बाई, रबरानं वाचवली."

मग मी दोघांनाही म्हटलं, अंदाज नको, पुरावा बघू. जुन्या गाडीत मूळचं अंथरूण शोधायच्या काही ठरलेल्या जागा असतात. दाराच्या उंबऱ्यावर ॲल्युमिनियमची पट्टी असते तिच्याखाली, सीटच्या पायांच्या बोल्टखाली, मागच्या सीटच्या आत. तिथं ऊन पोचत नाही, बुटाची टाच पोचत नाही, त्यामुळे मूळचा रंगही टिकतो. थोरल्यानं पट्ट्या आणि सीटचे पाय खोलले तेव्हा निघालेलं सगळं एका खोक्यात टाकून ठेवलं होतं. ते खोकं घेऊन तो माझ्याकडं आला. वर्तमानपत्र पसरून, चष्मा लावून बसले. पुढच्या बाजूला अपेक्षेप्रमाणे काळं रबर, मोडून चुरा होणारं. मागच्या बाजूला रबर होतं, पण त्यावर आणखी काही चिकटलेलं. सुताचे धागे. निळे आणि पांढरे, जाड पिळाचे.

ही सतरंजी होती. वहिनींना फोन लावला. वहिनी आता ब्याऐंशीच्या आहेत, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, "अगं, ती सोलापुरी सतरंजी. मीच कापून घातली होती. पेशंटला मागं निजवून आणायचे ना हे. रबर थंडीत गार पडायचं, आणि सोबत आलेल्या बायका खालीच बसायच्या, सीटवर बसायला संकोचायच्या. दोन बाळंतपणं तर त्या गाडीतच झाली. मग सतरंजी टाकून द्यायची आणि दुसरी कापायची. चार-पाच तरी झाल्या असतील."

हे मला ठाऊक नव्हतं. गाडीत किती वेळा बसले असेन, पण सतरंजी म्हणजे घरातलीच एक, म्हणून सोडून दिलेली. सीटवर बसायला संकोचणाऱ्या बायकांचं तर अण्णांनीही कधी सांगितलं नाही. बग्गीतल्या कोचमनची गोष्ट सांगताना मी इतकी रंगले होते, आणि इथं आमच्याच गाडीत मागं बसलेल्यांतही वर कोण आणि खाली कोण हे ठरलेलं होतं. वहिनींनी खाली सतरंजी घातली. त्या बायकांना त्या वर्षांत सीटवर बसवणं त्यांना जमलं असतं की नाही, कोण जाणे.

आता प्रश्न असा, की या सतरंजीचं काय करायचं? कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा ती नव्हती. रॅलीत परीक्षक "मूळचं किती राहिलं" यावर गुण देतात, तिथं सतरंजी म्हणजे चूक ठरेल. सरकारचं म्हणाल तर २०२१ साली जुन्या गाड्यांचे नवे नियम आले. पन्नास वर्षांवरची गाडी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, मग 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट. त्यांत कार्पेटविषयी काही नाही, म्हणजे तिकडून ना मदत ना अडचण. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेनं, फिवानं, २०१२ मध्ये एक सनद केली. तिला नाव दिलंय तुरीनचं. तुरीन म्हणजे फियाटचंच गाव, १८९९ पासूनचं! वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिसच्या सनदेवरून ती बेतलेली आहे. व्हेनिसच्या सनदेतलं एक तत्त्व मला फार पटतं: जिथं अंदाज सुरू होतो तिथं दुरुस्ती थांबली पाहिजे. आपल्याकडं हेमाडपंती देवळांना ऑइलपेंट फासणाऱ्यांना हे कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवं. असो. तुरीनच्या सनदेचा रोख असा, की शक्य तितकं जपावं, बदलावं लागलं तर जुन्या पद्धतीचं साहित्य वापरावं, केलेल्या कामाची नोंद ठेवावी, आणि वापराच्या काळात गाडीत जे घडलं तोही तिचा इतिहास मानावा.

मरून कार्पेट यातल्या कशातच बसत नाही. ते दिसायला छान आहे, नाही म्हणत नाही. दुकानात ट्यूबलाइटखाली तर फारच छान दिसलं. गच्चीत उन्हात नेऊन धरलं तेव्हा जांभळट दिसायला लागलं. (नमुना नेहमी उन्हात बघावा, साडीसारखा.) शिवाय ते पॉलिप्रॉपिलीनचं, पाठीला रबराचा थर असलेलं, म्हणजे खाली गेलेलं पाणी वर यायचं नाव नको. लीड्सच्या लोकरीचं मोल मला कळतं. पण विल्टन आमच्या फियाटमध्ये घालणं म्हणजे अण्णांना कोट-टोपी चढवून त्यांचा नसलेला फोटो काढणं. ते आयुष्यभर बुशशर्टात व्हिजिटला गेले.

धाकटा लगेच ऐकला. दूर असल्यामुळे त्याला जुनं जास्त आठवतं बहुधा. थोरला जरा नाराज झाला. "आत्या, एवढा खर्च केला, आणि शेवटी रबर?" त्याचंही खरंच आहे. लहानपणी तो मागं मधल्या उंचवट्याच्या दोन बाजूंना पाय टाकून बसायचा, आणि वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांच्या इम्पालामध्ये कार्पेट आहे हे त्यानं तेव्हाच मनात धरलं असणार. पन्नास वर्षं मनात असलेलं कार्पेट आत्याच्या व्याख्यानानं जात नाही. त्याला म्हटलं, तुझ्या रोजच्या गाडीत घाल ना मरून. यावर तो हसला, पण "बघू" म्हणाला.

सध्या ठरलंय ते असं. पुढं आणि मागं दोन्हीकडं रेघांची काळी रबरी मॅट, खाली नमद्याऐवजी पातळ, पाणी न धरणारा फोम. दिसत नाही, आणि पत्रा वाचतो, एवढी तडजोड मला मान्य आहे. उंबऱ्याखाली निघालेले रबराचे आणि सतरंजीचे तुकडे एका पाकिटात घालून, वर तारीख आणि कुठून निघाले ते लिहून, डॅशबोर्डच्या खणात ठेवायचे. त्या पाकिटाला काय काय बदललं त्याची यादीही जोडायची. ती मी लिहून काढली आहे, चार पानं झाली. मागच्या मॅटवर सतरंजी सुटीच टाकायची, चिकटवायची नाही, म्हणजे रॅलीला नेताना थोरल्याला वाटलं तर काढून डिकीत ठेवता येईल.

सतरंजीसाठी सोलापूरला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला कळवलं आहे. वहिनींचा निरोप असा, की पट्टे निळेच हवेत, लालमध्ये डाग दिसत नाहीत म्हणून लोक लाल घेतात पण मग ती धुतलीच जात नाही. आणि कापताना दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जास्त ठेवायला सांगितलंय, सूत पहिल्या धुण्याला आटतं.